एकटीच का? समुद्रकाठचं एक गाव आणि एक जुना प्रश्न

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे प्रवासाचं मध्येच कुठून आलं? युरोपातलं समुद्रकाठचं गाव आणि तिथं एकटी जाणारी बाई, हा विषय फार तर रविवारच्या पुरवणीचा. आम्हालाही आधी तसंच वाटत होतं. पण गेल्या महिन्यात एक फोन आला आणि त्या फोनवर आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येत नाही तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा असू शकतो, एवढं तरी पस्तीस वर्षं शिकवून कळलं आहे.

आणखी एक खुलासा. वर्गात बोलून बोलून आम्हाला 'आम्ही' म्हणायची खोड लागलेली आहे. आज विषयच एकटीच्या प्रवासाचा असल्यामुळे घोटाळा होईल. तेव्हा 'आम्ही गेलो' असं म्हटलं की डोळ्यांसमोर एकच बाई आणा, सुती साडीतली, गुडघ्याची तक्रार असलेली.

तर फोन. आमचे एक जुने सहकारी, तेही निवृत्तच. त्यांची मुलगी पुण्यात नोकरी करते, वय एकोणतीस. तिनं ठरवलंय की जूनमध्ये दहा दिवस ग्रीसला जायचं, नाफ्प्लिओ नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात राहायचं, आणि एकटीनं. मैत्रिणी नाहीत, टूर नाही. सर आम्हाला म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊन आलेल्या आहात त्या गावाला, तुमचंच ऐकून तिच्या डोक्यात शिरलंय. आता तुम्हीच समजावून सांगा. एकटीच का? आणि तिथं काम काय आहे तिचं?"

हे दोन प्रश्न त्यांनी एका श्वासात विचारले. आजचं सगळं व्याख्यान त्या दोन प्रश्नांच्या जोडणीवर आहे.

'एकटीच का?' हा प्रश्न मराठी बाईला जाहीरपणे विचारला गेला आणि तिनं जाहीरपणे उत्तर दिलं, अशी एक तारीख आपल्याला माहीत आहे. २४ फेब्रुवारी १८८३. जागा श्रीरामपूर, म्हणजे आपलं नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं सेरामपूर. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. अठरा वर्षंही पूर्ण नव्हती. अमेरिकेला वैद्यक शिकायला का जाते, हे त्यांना लोकांना सांगायचं होतं. त्यांनी स्वतःच लोकांचे सहा प्रश्न मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. त्यातला एक प्रश्न हाच: मी एकटी का जाते?

उत्तर काय दिलं? त्या म्हणाल्या, की आधी दोघांनीच जायचं ठरत होतं. पण पैसा पुरेसा नाही, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे पतीवर म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून आहेत. एका जिवाची काळजी घेण्यासाठी इतक्यांना उपाशी ठेवणं क्रूरपणाचं होईल. म्हणून मी एकटी जाते. उत्तर बिनतोड आहे. पण जरा बारकाईनं पाहा. एकटं जाणं ही इथं नाइलाजाची गोष्ट आहे, आणि ती ज्यामुळे क्षम्य ठरते ते कारण दुसऱ्यांच्या भल्याचं आहे. सासूसासऱ्यांचं पोट आणि पुढे देशातल्या बायकांना मिळणारी डॉक्टरीण. 'मला जावंसं वाटतं म्हणून' हे उत्तर त्या सभागृहात चाललं नसतं. खरं तर त्यांच्या मनातही ते आलं नसेल, आणि त्यात त्यांचा काही उणेपणा नाही. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या. जहाजावर ओळखीच्या मिशनरी बाया होत्या, घरचं कुणी नव्हतं.

त्याच एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. विधवा, कडेवर लहानगी मनोरमा. 'स्त्रीधर्मनीति' हे आपलंच पुस्तक विकून प्रवासाचे पैसे उभे केलेले. काय योगायोग आहे पाहा, एकाच महिन्यात दोन मराठी बायका दोन बंदरांतून निघतात! रमाबाईंनाही कारण द्यावंच लागलं होतं, शिक्षणाचं. पण त्यांनी 'इंग्लंडचा प्रवास' लिहिला, आणि वाटेत काय दिसलं ते सांगताना त्यांना जो रस येतो तो कुठल्याही अर्जात लिहिलेल्या कारणात मावणारा नाही. बाई डोळे उघडे ठेवून पाहते आहे, एवढंच.

आता आपल्या सरांकडे येऊ. आम्ही त्यांना विचारलं, मुलगी पुण्याहून घरी कशी येते? म्हणाले, "शुक्रवारी रात्रीची बस पकडते, पहाटे बाबा पेट्रोल पंपाला उतरते, रिक्षा करून येते." एकटी? "हो, मग काय." कंपनीनं तिला दोन महिने बंगळुरूला पाठवलं होतं, तीही एकटीच गेली होती. त्या वेळी 'एकटीच का?' हा प्रश्न घरात निघाला नव्हता. मध्यरात्रीच्या बसमध्ये, पहाटेच्या अंधारात रिक्षानं येणं चालतं, आणि जूनच्या उजेडात समुद्रकाठी बसणं चालत नाही. म्हणजे अडचण धोक्याची नाही, निदान केवळ धोक्याची नाही. अडचण कारणाची आहे. बसला कारण आहे, बंगळुरूला कारण आहे. समुद्राला कारण नाही.

आपण बोलताना दोन प्रश्नांची सरमिसळ करतो. एक, ती सुरक्षित राहील का? दोन, तिला तिथं जायचा हक्क काय? दुसरा प्रश्न उघड विचारायला आता लाज वाटते, म्हणून तो पहिल्याचं पांघरूण घेऊन येतो. ही सरमिसळ फार जुनी आहे. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. तिथली लेणी ज्या परंपरेची, त्या परंपरेच्या विनयपिटकात भिक्षुणींसाठी एक नियम आहे: एकटीनं गावाबाहेर दुसऱ्या गावी जाऊ नये, एकटीनं नदी ओलांडू नये, एकटीनं रात्र बाहेर काढू नये. हा अपराध गंभीर वर्गातला मानलेला आहे. नियम का आला याच्या कथाही तिथेच येतात. वाटेत भिक्षुणींवर अत्याचार झाले म्हणून तो आला. हेतू रक्षणाचा, यात शंका नको. पण गंमत अशी, की दुष्कृत्य केलं कुणी तिसऱ्यानंच, आणि बंधन आलं ते जिच्यावर बेतलं तिच्यावर. भिक्षूंच्या चारिकेला अशी अट नाही. मनुस्मृतीत तर बाप, नवरा, मुलगा ही रक्षकांची यादीच आहे, ती तुम्हाला पाठ आहे, तिच्यात वेळ घालवत नाही. बौद्ध संघासारख्या, बायकांना घराबाहेर काढणाऱ्या व्यवस्थेलाही हे सुटलं नाही, हे जास्त विचार करायला लावणारं आहे.

मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी सार्वजनिक जागेतल्या बायकांचा अभ्यास केला. २०११ साली त्यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्त्यावरची बाई सतत आपण कामाला निघालोय असं दाखवत असते. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात लगबग. पानटपरीवर पुरुष नुसता उभा राहू शकतो; बाई नुसती उभी राहिली की तिच्याबद्दल प्रश्न तयार होतात. म्हणून त्या मागतात तो हक्क नुसतं रेंगाळण्याचा आहे, आणि त्यासोबत येणारा धोका स्वतः पत्करण्याचाही. पुस्तक वाचलं तेव्हा आम्हाला हे जरा अति वाटलं होतं. धोक्याचा कसला हक्क मागायचा? दोन वर्षांनी नाफ्प्लिओत ते कळलं. ते सांगतोच.

त्याआधी या समुद्रकाठच्या गावांबद्दल थोडं. आपण मराठवाड्याची माणसं. आठ जिल्हे आणि एकालाही समुद्र नाही. आमचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही धरणाचा. त्यामुळे समुद्रकाठी 'काही न करता' बसणं ही कल्पनाच आपल्याला परकी. कोकणातल्या माणसाला समुद्र कामाचा, आपल्याला तो सहलीचा. पण युरोपातही समुद्रकाठी नुसतं जाऊन राहणं ही पूर्वापार चालत आलेली रीत नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं समुद्राचं पाणी औषध आहे असं पुस्तक लिहिलं, लोक ब्रायटनला जायला लागले, आणि एका कोळीवाड्याचं बघता बघता शहर झालं. बायका चाकांच्या लाकडी खोलीत बसत, ती खोली पाण्यात ढकलत नेत, आणि आत उतरवायला धिप्पाड बाया नेमलेल्या असत. म्हणजे तिथंही सुरुवात कारणानंच झाली. 'प्रकृतीसाठी' हे कारण. मौज मागच्या दारानं आली आणि मग तिनंच घर ताब्यात घेतलं.

त्याच शतकाच्या शेवटी, १७९५ च्या उन्हाळ्यात, मेरी वुलस्टनक्राफ्ट नॉर्वेतल्या टॉन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी काही आठवडे राहिली. ही तीच, स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ साली पुस्तक लिहिणारी. वर्षाची मुलगी आणि सांभाळणारी बाई स्वीडनमध्ये ठेवून ती पुढे एकटी आली होती. कारण? ज्या माणसावर प्रेम होतं त्याच्या व्यापाराचं काम. तो तिला टाळतो आहे हेही तिला कळत होतं. मनानं ती पार खचलेली होती. पण टॉन्सबर्गला काम लांबलं आणि तिच्या हाती मोकळे दिवस आले. ती खडकांवर पडून राहिली, वल्हं मारायला शिकली, पाण्यात उतरली, आणि त्या प्रवासाच्या पत्रांचं पुस्तक १७९६ साली छापलं. त्यात ती एक बारीकशी गोष्ट सांगते. तिच्या प्रश्नांवरून एका यजमानानं तिला ऐकवलं, की तुम्ही तर पुरुषांनी विचारायचे प्रश्न विचारता.

आता तेच १७९५ साल, आणि बाल्टिककडचा प्रदेश. क्योनिग्सबर्गमध्ये इमान्युएल कांट 'शाश्वत शांतता' हा निबंध छापतो. त्यात तो म्हणतो, की परक्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसाला शत्रू म्हणून न वागवलं जाण्याचा हक्क आहे. पाहुणचार मागण्याचा हक्क नाही. भेट देण्याचा हक्क. का? तर पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं एकमेकांपासून अनंत लांब पांगू शकत नाहीत, तेव्हा एकमेकांना सहन करणं भाग आहे. आम्ही हा उतारा वर्षानुवर्षं शिकवला. त्या काळातल्या वसाहतवाद्यांना त्यानं त्यात झोडपलंही आहे. पण दोनच वर्षांनी, १७९७ साली, कायद्याच्या तत्त्वज्ञानावर लिहिताना तोच कांट सगळ्या बायकांना निष्क्रिय नागरिकांच्या यादीत घालतो, नोकर आणि अज्ञान मुलांबरोबर. जिथं तिला आपल्याच देशात स्वतःचं मत नाही, तिथं जगभर भेट देण्याचा हक्क घेऊन ती करणार काय? विद्यार्थी आम्हाला हे विचारत नसत. आम्हीही सांगत नसू. (हसण्याचा आवाज.) हसू नका, खरंच सांगत नसू. परीक्षेला येत नव्हतं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये अथेन्सला तत्त्वज्ञानाची जागतिक परिषद होती. आम्ही नुकत्याच निवृत्त झालो होतो. परिषद संपल्यावर तीन दिवस हाताशी होते, आणि मीना प्रभूंचं 'ग्रीकांजली' वाचल्यापासून ग्रीक समुद्र डोक्यात होता. लंडनमध्ये राहिलेल्या या डॉक्टर बाईनं किती देश एकटीनं पालथे घातले, आणि सगळं मराठीत लिहिलं! आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींचा प्रवास त्यांच्या पुस्तकांवरच झाला. तर आम्ही अथेन्सहून एसटीसारखी बस पकडली, कोरिंथचा कालवा ओलांडला, आणि दोन-अडीच तासांनी नाफ्प्लिओला उतरलो. छोटं गाव. ग्रीस स्वतंत्र झाला तेव्हा काही वर्षं हीच राजधानी होती. पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास इथंच, चर्चच्या दारात, १८३१ साली मारला गेला. डोक्यावर पालामिदीचा किल्ला, व्हेनिसवाल्यांनी बांधलेला. पायऱ्या ९९९ आहेत असं गावात सांगतात. आम्ही मोजत चढलो, आकडा नऊशेच्या आतच राहिला. पण दौलताबाद लहानपणापासून चढल्यामुळे किल्ल्यांच्या आकड्यांवर आमचा विश्वास नाहीच. समोर पाण्यात बुर्झी नावाची छोटी गढी. किल्ल्यावरच्या कैद्यांना फाशी देणारा माणूस एके काळी त्या गढीत राहायचा, कारण गावात त्याला कुणी शेजारी म्हणून नको होता.

दुपारी खोलीवर पोचलो. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती. आणि मग चार वाजल्यापासून सात वाजेपर्यंत आम्ही त्या खोलीत बसून राहिलो. भीती? नव्हती. थकवाही नव्हता. खाली उतरायचं तर कशासाठी उतरायचं, तेच सुचेना! परिषदेत बॅज होता, निबंध होता, सत्राची वेळ होती. इथं काही नव्हतं. शेवटी आम्ही स्वतःला सांगितलं, की पाण्याची बाटली आणायची आहे. आणि उतरलो. खोलीत टेबलावर भरलेली बाटली होती, ती आम्हाला दिसत होती. एकसष्ट वर्षांची, डॉक्टरेट मिळवलेली बाई, घरापासून हजारो किलोमीटरवर, जिथं तिला ओळखणारं एकही माणूस नाही, तिथं पाण्याची बाटली विकत घेण्याचं सोंग करत रस्त्यावर आली. विचारणारं कुणी नव्हतं. विचारणारा आम्ही बरोबरच नेला होता.

दुसऱ्या दिवशीचं निमित्त पोस्टकार्डांचं होतं. तिसऱ्या संध्याकाळी मात्र काही न ठरवता धक्क्यावर जाऊन बसलो. त्या बसण्यात काय घडलं असं विचाराल तर काहीच नाही. पोरं सायकली फिरवत होती. आजीआजोबा चालत होते. अंधार झाला, बुर्झीवर दिवे लागले, आम्ही उठलो.

मराठीत या अवस्थेला नीट शब्द नाही, हे तिथं बसून जाणवलं. 'एकाकी' म्हणजे बिचारी. 'एकांत' हा सुंदर शब्द आहे, संतांनी तो जपला, पण बाईच्या बाबतीत वर्तमानपत्रात तो येतो तेव्हा 'एकांताचा गैरफायदा' एवढ्यापुरताच येतो. 'सडाफटिंग' पुरुष असतो आणि लोक ते कौतुकानं म्हणतात. 'भटक्या' म्हणजे लेखक, गिर्यारोहक. 'भटकी' म्हटलं तर कुत्री नाहीतर शिवी. उरतो 'एकटी'. त्यातही 'बिचारी'चा सूर डोकावतोच. हाना आरेंट या विदुषीनं एकटेपण आणि एकाकीपण यांत मोठा फरक केला आहे: एकटेपणात माणूस स्वतःच्या सोबतीला असतो, स्वतःशी बोलतो, एकाकीपणात तीही सोबत सुटते. विचार करायला पहिलं लागतं. मग ज्यांना ते कधी मिळूच दिलं नाही त्यांना विचार करता येत नाही असं म्हणणाऱ्यांना काय म्हणावं?

आता सुरक्षिततेकडे येऊ, कारण सरांचा तो प्रश्न खोटा नाही, फक्त पहिला नाही. अशा गावात बाईला संध्याकाळी सुरक्षित का वाटतं? लोक चांगले असतात म्हणून, असं म्हणणं भाबडेपणाचं. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं १९६१ साली शहरांबद्दल लिहिताना दाखवलं, की रस्ता सुरक्षित राहतो तो तिथं सतत माणसांचे डोळे असल्यामुळे: दुकानं उघडी, खिडक्या रस्त्याकडे, वेगवेगळ्या कामांची माणसं वेगवेगळ्या वेळी ये-जा करणारी. ग्रीक गावात संध्याकाळचं फिरणं ही जवळजवळ संस्थाच आहे, व्होल्ता म्हणतात. नऊ-दहाला जेवायला निघतात, बाळं बाबागाडीत जागीच, म्हातारे सोंगट्या खेळताहेत, कोपऱ्यावर सिगारेट-पाणी-वर्तमानपत्रांची टपरी उशिरापर्यंत उघडी. हीच गर्दी संरक्षण असते. पोलीस आम्हाला दिसलेच नाहीत. याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या: हंगाम संपला की समुद्रकाठची गावं ओस पडतात, आणि जून-ऑगस्टला लागू असलेलं फेब्रुवारीला लागू राहत नाही. आपल्याकडे औरंगपुऱ्यात रात्री नऊला बाईला जे वाटतं आणि विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर जे वाटतं, त्यातला फरकही हाच.

सगळं गोड होतं असं नाही. दुसऱ्या संध्याकाळी किल्ल्याखालच्या खडकाळ वाटेनं एक माणूस बराच वेळ मागे चालत आला, काहीबाही बोलत. वाट निर्मनुष्य नव्हती, पण विरळ होती. आम्ही परत फिरून पहिल्या कॉफीच्या दुकानात शिरलो. मालकीण बाईनं आमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दाराशी जाऊन ग्रीकमध्ये मोठ्यानं काहीतरी म्हटलं, आणि तो निघून गेला. कॉफीचे पैसे तिनं घेतले, बरं का. आणि हेही सांगायला हवं की आमच्या वयाचा आम्हाला फायदा मिळाला. साठीची बाई दिसेनाशी होते. एरवी हा अन्याय, प्रवासात सोय. एकोणतीस वर्षांच्या सावळ्या मुलीला आमच्यापेक्षा जास्त नजरा झेलाव्या लागतील. तिथंही, इथंही.

आणखी एक हिशोब राहतो. हे सगळं परवडणाऱ्यांचं आहे, असं आत्ता कुणाच्या तरी मनात असणार. आहेच. पण मराठवाड्यातून दरवर्षी सगळ्यात जास्त प्रवास करणाऱ्या बायका कोण? ऊसतोडीला जाणाऱ्या. बीडची, जालन्याची, आपल्याकडच्या पैठण तालुक्यातलीही. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, पाच-सहा महिने फडावर काढतात. तिथं माणसं मोजायचं माप काय? कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. विधवेला, टाकलेल्या बाईला मुकादमाकडून उचल मिळवायची तर आधी जोडीदार दाखवावा लागतो, भाऊ, दीर, मुलगा, कुणीतरी. म्हणजे काम आहे, घाम गाळायची तयारी आहे, कारण तर पोटाइतकं भक्कम आहे, आणि तरी 'एकटी' हा शब्द आडवा येतो. सरांच्या मुलीची अडचण आणि या बाईची अडचण एक नाही. एकीकडे चैन अडली आहे, दुसरीकडे भाकरी. पण दोघींनाही एकेक पूर्ण माणूस धरायला आपला हिशोब तयार नाही, एवढं त्यात समान आहे. या बायकांसाठी काम करणारे आता 'एकल महिला' म्हणतात. शब्द जरा सरकारी आहे, पण त्यात 'बिचारी' नाही.

तर त्या मुलीशी आम्ही बोललो. व्हिसाचा अर्ज ती भरतच होती. शेंगेन देशांच्या त्या अर्जात एक रकाना असतो: प्रवासाचा उद्देश. त्यात पर्याय छापलेले असतात, व्यवसाय, शिक्षण, नातेवाइकांची भेट, वैद्यकीय उपचार वगैरे. आणि त्यात 'पर्यटन' असतं. तिनं त्यावर खूण केली आणि आम्हाला म्हणाली, "मॅडम, एवढं मोठं सरकार हे कारण मान्य करतं, बाबा का नाही करत?" आम्ही तिला म्हटलं, सरकार तीस हजार युरोचा विमा, बँकेचे कागद आणि राहायच्या जागेचा पुरावा घेऊन मान्य करतं. बाबांना पण काहीतरी द्यावं लागेल.

काय द्यायचं, ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं. अथेन्सचं विमान सकाळी उतरेल असंच घ्यायचं, म्हणजे नाफ्प्लिओला उजेडी पोचता येईल. पहिल्या तीन रात्रींची खोली जुन्या गावाच्या आतच, चौकापासून चालत; स्वस्त पडते म्हणून गावाबाहेर नको. अथेन्सच्या मेट्रोत पाकीट पुढे धरायचं, तिथं खिसेकापू आहेत. ११२ हा आणीबाणीचा नंबर युरोपभर चालतो, आपल्याकडेही आता तोच आहे. खोलीचा क्रमांक कुणालाही मोठ्यानं सांगायचा नाही. संध्याकाळी ओळख झालेल्या माणसाला 'मी एकटी आहे' सांगायचंच असं नाही. इथं खोटं बोलायला कांटनं मनाई केली असली तरी आमची परवानगी आहे. आणि घरी रोज एक निरोप, ठरलेल्या वेळी, एकच. दिवसातून सहा वेळा फोन करायचा असेल तर एकटी जाण्यात अर्थ नाही.

तिला एक गोष्ट वाचायला दिली. सिमोन द बोव्हुआर १९३१ साली, तेवीस वर्षांची असताना, मार्सेय या बंदराच्या शहरात मास्तरीण म्हणून गेली. ओळखीचं कुणी नाही. गुरुवारी आणि रविवारी सुट्टी असे, त्या दिवशी ती समुद्रकड्यांवरून एकटीच दिवस दिवस चालत असे. जुना झगा, कापडी चपला, टोपलीत केळी आणि पाव. शाळेतल्या सहकारी बाया सांगत, कुणीतरी जबरदस्ती करील. ती ऐकत नसे. तिच्या आठवणींत हे सगळं वाचताना मन मोठं होतं. पण आम्ही मुलीला हेही वाचायला लावलं, की आपल्याला काही होणारच नाही असं ती तेव्हा धरून चालली होती, कुणाच्याही गाडीत बसत होती, एकदोनदा थोडक्यात वाचली. पुढे तिनंच ते मोकळेपणानं लिहिलं. मुलगी म्हणाली, "मग तुम्ही मला जा म्हणताय की नको म्हणताय?" आम्ही म्हटलं, आम्ही कोण म्हणणार? तू आधीच निघालेली आहेस.

सरांना आम्ही दोन दिवसांनी फोन केला. 'एकटीच का' याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही, असं सांगितलं. पाण्याच्या बाटलीची गोष्ट सांगितली. ती त्यांना आम्ही कधी सांगितली नव्हती. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, जूनमध्ये तिकडं अंधार किती वाजता पडतो?"

साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो, आम्ही म्हटलं.

"आणि जेवायला? ती शाकाहारी आहे."

वांगी, चीज, भेंडी, सगळं मिळतं. भेंडी फक्त तेलात फार बुडवतात.

प्रश्न असतील तर विचारा.